कार्डिओग्राम नॉर्मल, तरी छातीत फडफड

प्रश्न असा आला आहे: 'माझे बाबा ६९ वर्षांचे, ब्लडप्रेशरची गोळी चालू. राहायला बडोद्यात दांडिया बाजारला. गेल्या सात-आठ महिन्यांत तीनदा छातीत फडफड झाली. तिन्ही वेळा दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत आणि कार्डिओग्राम नॉर्मल. चौथ्यांदा बहिणीचं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं, तर त्यावर एएफ, म्हणजे ठोक्यांचा ताल बिघडलाय, असं आलं. एका डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली, दुसरे म्हणतात ॲब्लेशन (शिरेतून तारा आत नेऊन करतात ते) करून मोकळे व्हा, आणि वाड्यातले काका म्हणतात रोज एक ॲस्पिरिन पुरे. ठोक्यांचे तज्ज्ञ हे नेमकं ठरवतात कसं? पेसमेकर तर बसवावा लागणार नाही ना?'

मी बडोद्यात वीसहून जास्त वर्षं हेच काम करते. लोक आम्हाला गमतीनं हृदयाचे वायरमन म्हणतात. नळ तुंबला तर अँजिओवाले, फ्यूज गेला तर आम्ही. म्हणायला ठीक आहे, पण वायरमन घरी येतो तेव्हा बिघाड तिथंच असतो. आमच्याकडे पेशंट पोचेपर्यंत बिघाड बहुतेक वेळा निघून गेलेला असतो. बाबांचं तीनदा झालं ते हेच. येऊन गेलेल्या पाहुण्याचं वर्णन ऐकून तो कोण होता हे ओळखायचं, हे आमचं निम्मं काम.

म्हणून पहिली वीसेक मिनिटं मी फाइल उघडतच नाही. काय होतं ते पेशंटच्या शब्दांत ऐकते. मराठीत यासाठी शब्द भरपूर आहेत, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला नेतो. 'ठोका चुकतो', 'छातीत धस्स होतं', 'लिफ्ट एकदम खाली गेल्यासारखं वाटतं' असं कोणी म्हणालं की बहुधा सुटे जादा ठोके असतात. एक ठोका वेळेआधी पडतो, मग जरा मोकळी जागा, आणि पुढचा जोरात आपटतो. पेशंटला कळतो तो हा आपटणारा ठोका, आणि तो बिचारा अगदी निरोगी असतो. 'बटण दाबल्यासारखं सुरू झालं आणि तसंच फट्‌दिशी बंद झालं' हे ऐकलं की मी कान टवकारते. त्यात 'गळ्यापाशी ठोके उडत होते' आणि 'नंतर दोन-तीनदा लघवीला जावं लागलं' अशी भर पडली तर एसव्हीटी, म्हणजे हृदयातल्या विजेनं गोल गोल फिरायला धरलेली आडवाट. 'पाखरू कोंडल्यासारखी फडफड, तालच लागत नव्हता' हे एएफचं वर्णन. आणि आपल्या बडोद्याच्या मराठीत गुजरातीतून आलेली 'गभरामण' म्हणजे यातलं काहीही असू शकतं, किंवा नुसती काळजी. त्या एका शब्दावर मी कधी थांबत नाही.

मग सांगते, 'टेबलावर बोटानं वाजवून दाखवा.' भजनी मंडळात तबला वाजवणारे एक आजोबा आले होते. त्यांनी आधी संथ ठेका धरला आणि म्हणाले, 'हा माझा नेहमीचा.' मग बोटं भरकटली, दोन जवळ, एक लांब, तीन घाईत. मध्येच हात उचलून म्हणाले, 'ताई, याला समच नाही हो.' होल्टरचा, म्हणजे अंगावर लावून ईसीजी टिपत राहणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट चार दिवसांनी आला. त्यात एएफच होता.

हे ऐकण्याचं महत्त्व मला आधीपासून कळत होतं असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत चौतिशीतल्या एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. वर्गात शिकवताना धडधड होते, पाच-दहा मिनिटांत थांबते. कार्डिओग्राम नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मी चिंतेची गोळी लिहून दिली आणि 'ताण कमी करा' असं सांगून मोकळी झाले. असं दोन वर्षं चाललं. मग एका नवरात्रात गरब्याच्या रिंगणातून त्या बाहेर येऊन खालीच बसल्या, मैत्रिणींनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या तरुण डॉक्टरनं काही विचारायच्या आधी ईसीजीच्या तारा लावल्या. मिनिटाला १९० ठोके, रुळावरून गाडी जावी तसे एकसारखे. दुसऱ्या दिवशी घामानं मऊ पडलेली ती पट्टी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, 'दोन वर्षं मी खोटं बोलत होते का?' दीडेक तासाच्या ॲब्लेशननं तो त्रास गेला, आजतागायत परतला नाही. पट्टीची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बायकांची एसव्हीटी 'टेन्शन' या नावाखाली वर्षानुवर्षं दडून राहते, हे आमच्या धंद्यातलं जुनं पाप आहे आणि मीही ते केलेलं आहे.

तेव्हापासून माझा नियम एकच: तक्रार आणि कागद एकाच मिनिटाचे हवेत. त्रास झाला मंगळवारी रात्री आणि कार्डिओग्राम बुधवारी सकाळचा, तर तो कार्डिओग्राम बुधवारबद्दल खरं बोलतो, मंगळवारबद्दल काहीच नाही. हे उलटही लागू आहे. पट्टी चालू असताना 'आत्ता होतंय, आत्ता' असं पेशंट म्हणाला आणि कागदावर ठोके सरळ दिसले, तर हृदयाची वायरिंग निर्दोष सुटली, तेही उत्तरच.

हा कागद पकडायचा कसा, ते त्रास किती वेळा होतो त्यावर. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९४०च्या दशकाच्या शेवटी चालत्या माणसाचा ईसीजी टिपला, तेव्हा ते यंत्र पाठीवर घ्यायचं सुमारे ३८ किलोचं बोचकं होतं. आज तो होल्टर खिशात मावतो, पण २४ तासांचाच असेल तर त्याचा उपयोग रोज त्रास होणाऱ्याला. तुमच्या बाबांना सात-आठ महिन्यांत चारदा झालं. त्यांना एक दिवस होल्टर लावणं म्हणजे वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यासाठी एकच दिवस दारात उभं राहणं. महिन्या-पंधरवड्यानं होत असेल तर छातीला चिकटवायची एक-दोन आठवड्यांची पट्टी बरी. वर्षातून एकदा शुद्ध हरपून पडणाऱ्याला कातडीखाली बोटाच्या पेराएवढा लूप रेकॉर्डर बसवतो; तो तीनेक वर्षं पहारा देतो.

आता घड्याळ. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि तुमच्या प्रश्नाचा निम्मा गुंता तिथंच आहे. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा रक्ताचा प्रवाह बघून 'ताल अनियमित वाटतो' असा इशारा देतो. तो इशारा आहे, निदान नाही. दुसरा प्रकार म्हणजे घड्याळावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवून काढलेला ३० सेकंदांचा ईसीजी. त्याची पीडीएफ निघते, ती मी वाचू शकते, आणि तीत एएफ स्पष्ट असेल तर निदान झालं. बहिणीला विचारा बाबांचं कोणतं होतं. पीडीएफ असेल तर छापून आणा, आणि 'घड्याळ म्हणालं एएफ' या मजकुरापेक्षा खालच्या रेघा महत्त्वाच्या. घड्याळ जादा ठोक्यांनाही एएफ म्हणून टाकतं, आणि हात हलला तर काहीही म्हणतं.

तक्रारीशिवाय नुसत्या कागदावर उपचार करायची खोड आम्हा डॉक्टरांनाच जास्त. हार्ट अटॅकनंतर ज्यांना जादा ठोके पडत त्यांना ते दाबणाऱ्या गोळ्या दिल्या तर माणसं वाचतील, असं १९८०च्या दशकात सगळ्यांना वाटत होतं. अमेरिकेत 'कास्ट' नावाची मोठी चाचणी घेतली. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या गोळ्यांनी जादा ठोके छान कमी झाले, कागद सुंदर दिसू लागला, आणि गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. १९८९मध्ये त्या दोन गोळ्यांचा भाग मध्येच थांबवावा लागला. होल्टरच्या रिपोर्टवर 'व्हीपीसी ८००', म्हणजे खालच्या कप्प्यांतले ८०० जादा ठोके, असं वाचून घाबरलेलं कोणी आलं की मला ते आठवतं. हृदय दिवसाला लाखभर वेळा ठोकतं. इको चांगला असेल आणि त्रास नसेल तर त्यातल्या ८०० जादा ठोक्यांसाठी बहुतेकांना मी काहीच देत नाही. हे 'काहीच न देणं' समजावायला मात्र गोळी लिहिण्याच्या चौपट वेळ लागतो.

पण एएफ आला की माझा हा नियम अर्धा मोडतो. एएफमध्ये वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते, तिथं रक्त साचून गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्याला हा धोका साधारण पाचपट. आणि गुठळी फडफड जाणवायची वाट बघत नाही. म्हणून इथं दोन प्रश्न वेगळे काढावे लागतात. गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं, हे बाबांच्या वयावर आणि इतर आजारांवर ठरतं. फडफड किती होते याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि फडफडीचं काय करायचं, हे बाबांना ती किती छळते त्यावर. तुमचे दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीत. एकानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे, दुसऱ्यानं दुसऱ्याचं.

गुठळीचा हिशेब अगदी किराणा दुकानासारखा आहे. ६५ ते ७४ वय, एक गुण. ७५ आणि पुढे दोन. ब्लडप्रेशर एक, मधुमेह एक, हृदय कमजोर असेल तर एक, रक्तवाहिन्यांचा आजार एक, आधी लकवा येऊन गेला असेल तर दोन. पूर्वी बाईमाणसाला एक गुण जास्त धरत. २०२४च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. बाबांचे वयाचा एक आणि ब्लडप्रेशरचा एक असे दोन झाले, आणि दोन म्हणजे गोळी द्यायची. तेव्हा एएफ पट्टीवर पक्का असेल तर पहिल्या डॉक्टरांचं बरोबर आहे. त्याआधी इको झाला पाहिजे, कारण लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडप अरुंद झाली असेल तर नवी औषधं चालत नाहीत, जुनी वॉरफरिन जातीचीच लागतात. आपल्याकडे तशा झडपा अजून सापडतात. किडनी आणि हिमोग्लोबिनही बघायचं.

काकांना नमस्कार सांगा, पण ॲस्पिरिन इथं पुरत नाही. एएफच्या गुठळीविरुद्ध ते फारसं काम करत नाही आणि पोटातून रक्त जाण्याचा धोका मात्र ठेवतं. स्टेंट असेल तर गोष्ट वेगळी, बाबांना तो नाही असं धरते. 'रक्त पातळ' हा शब्दही फसवा आहे. रक्त पाण्यासारखं होत नाही. गोठायला वेळ जास्त लागतो, इतकंच.

या गोळ्या लिहिताना मी पंचांग विचारते, आणि पेशंट हसतात. रिव्हॅरोक्साबॅनची एएफसाठीची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशी, चातुर्मास, नवरात्र करणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं. फराळ पोटभर करून घ्या, किंवा जेवणाशी संबंध नसलेली दुसरी गोळी घेऊ. ॲपिक्साबॅन दिवसातून दोनदा, आणि दुसरा डोस विसरायची खोड असेल तर मी ती देत नाही. तिचा डोस कमी करायचा तर ८० किंवा जास्त वय, ६० किलो किंवा कमी वजन, क्रिॲटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी असाव्या लागतात. 'वय झालंय, थोडी कमीच देऊ' असा अर्धा डोस देणं म्हणजे अर्धी छत्री. वॉरफरिनवाल्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, मी थंडीत जास्त वेळा बघते, कारण मेथी-पालकाची चंगळ सुरू झाली की तो खाली उतरतो. भाजी बंद करू नका, बारा महिने सारखी खा. आणि उत्तरायणाला गच्चीवर जरूर जा, मांजा मात्र नातवाच्या हातात द्या.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच असते. दात काढायचा म्हणून एका गृहस्थांनी कोणाला न विचारता दहा दिवस गोळी बंद ठेवली. दात निघाला. आठव्या दिवशी सकाळी चहा मागायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. साध्या दातासाठी बहुतेक वेळा ती थांबवावीच लागत नाही, लागली तर एखादा दिवस. दातवाल्या डॉक्टरांनी मला फोन करावा, मी कधीही उचलते.

दुसरा प्रश्न फडफडीचा. इथं घाई नाही, पण आळसही नको. २०२०मध्ये आलेल्या 'ईस्ट' या युरोपीय अभ्यासात एएफ सापडल्यापासून वर्षाच्या आत ताल सांभाळायचा उपचार सुरू केलेल्यांत लकवा आणि हृदयविकारानं मृत्यू कमी दिसले. त्यामुळे 'बघू पुढे' म्हणायचे दिवस गेले. तरी ॲब्लेशनच्या आधी मी घरातल्या गोष्टी विचारते. वजन किती, झोपेत घोरून श्वास अडकतो का, ब्लडप्रेशर खरंच ताब्यात आहे की गोळी फक्त चालू आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरवून टिकवणाऱ्यांत एएफ कितीतरी कमी परततो, हे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासानं दाखवलं आहे. सेव-उसळीवर चढत्या हातानं शेव घेणाऱ्या गावात हे सांगणं सोपं नाही. दारूचं तर विचारायलाच नको, कारण गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे प्रत्येक जण 'छे छे' म्हणतो. मी आता 'घेता का?' असं विचारत नाही. 'शेवटचं दमणला कधी गेला होता?' असं विचारते. आणि फडफड नेमकी दमणहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीची निघते. सुट्टीतल्या दारूनं उठणाऱ्या या एएफला १९७८पासून इंग्रजीत 'हॉलिडे हार्ट' असं नावच आहे.

ॲब्लेशन म्हणजे जांघेतल्या शिरेतून तारा आत नेऊन, फुप्फुसाकडून येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी कडं घालायचं, म्हणजे तिथले खोडकर ठोके कप्प्यात उतरत नाहीत. या शिरांमध्येच एएफची ठिणगी असते हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांनी १९९८मध्ये दाखवलं. त्याआधी आम्ही कप्प्यात अंदाजानं डाग देत होतो. कडं उष्णतेनं घालतात, गोठवून घालतात, आता विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनीही घालतात. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये दहातल्या सात-आठ जणांना वर्षभर चांगलं राहतं, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साचतं आणि ते तातडीनं काढावं लागतं. हे सही घेण्याआधी मी नातेवाइकांसमोर स्पष्ट बोलते. 'कास्ट'सारखी आणखी एक चाचणी आठवते. 'कबाना', २०१९, दोन हजारांवर पेशंट. तिथं ॲब्लेशननं मृत्यू-लकवा ठळकपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही, पण माणसांचं रोजचं जगणं सुधारलं. म्हणून 'ॲब्लेशन करून मोकळे व्हा' यातला 'मोकळे' शब्द मला खटकतो. दोन गुणांच्या माणसाची गोळी ॲब्लेशननंतरही चालूच राहते. गोळीतून सुटायला ॲब्लेशन करायचं असेल तर करू नका. फडफडीमुळे बाबांनी कमाटीबागेतलं सकाळचं फिरणं सोडलं असेल, गावाला जायची भीती बसली असेल, तर जरूर करा.

तोवर एक वही ठेवा. कधी सुरू, कधी संपलं, तेव्हा काय करत होते. नाडीचा आकडा जमला तर. मोठे तक्ते नकोत, बाबा ते दोन दिवस भरतील आणि तिसऱ्या दिवशी वही भाजीच्या हिशेबाला जाईल.

राहिला पेसमेकर. तो संथ हृदयासाठी असतो, एएफचा वेग तो थांबवत नाही. लोक दोन्ही एकत्र करतात. आखाड्यात आयुष्य घालवलेले एक सत्तरीपुढचे गृहस्थ माझ्याकडे आले होते. नाडी ३८. अभिमानानं सांगत होते, 'जोर-बैठकांची कमाई आहे, कायम पन्नासच्या खाली असते.' जिना चढवला तेव्हा तरुण पैलवानाची नाडी चढते तशी त्यांची चढली नाही, अडतीसची अडतीसच राहिली, आणि दुसऱ्या मजल्यावर ते कठडा धरून उभे राहिले. वरच्या कप्प्याचे संदेश खाली पोचतच नव्हते. त्यांना पेसमेकर बसवला, आता ते मुलांचा मल्लखांब बघायला जातात. घरी सोडताना मुलाला बाजूला घेऊन मी आणखी एक सांगते, जे कोणी सांगत नाही: कधी खासवाडीच्या स्मशानात न्यायची वेळ आली तर आधी पेसमेकर काढून घ्या, चितेत बॅटरी फुटते.

तुमच्या बाबांना आज जे दिसतं त्यात पेसमेकर नाही. पण त्यांना एक प्रश्न विचारा, आज रात्रीच. फडफड चालू असताना काय होतं ते नको. ती थांबते त्या क्षणी काय होतं? काही जणांत एएफ बंद पडला की हृदयाचा मूळ ठोका सुरू व्हायला तीन-चार सेकंद घेतो, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस भिंत धरतो किंवा पडतो. अशा माणसाला वेग कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या तर तो विराम आणखी लांबतो. बाबा जर म्हणाले, 'हो, थांबताना एकदा मोरीत तोल गेला होता, तुम्हाला सांगितलं नाही,' तर माझी वेळ मिळायची वाट बघू नका. मोठ्या इस्पितळात त्याच दिवशी न्या आणि हेच वाक्य तिथल्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.